गोठ्यातील रोगाची वंशावळ

बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन रस्ते तेलगावात एकत्र येतात. धारूर तालुक्यातील हे गाव पंचक्रोशीला परिचित आहे ते तेथील सहकारी साखर कारखान्यामुळे. गाळप हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग कारखान्याच्या दिशेने लागते. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, बिऱ्हाड गाडीत घालून, पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांची वाट धरतात. त्यांतील गाडीवानांचे सारे भांडवल म्हणजे बैलजोडी. बैल धडधाकट असला तर उचल फिटते. बैल बसला तर कर्ज तेवढे उरते. अनेक तालुक्यांतील जनावरे या निमित्ताने एका तळावर येतात, महिनोन्‌महिने शेजारी शेजारी बांधली जातात आणि हंगाम संपला की पुन्हा शेकडो गावांत पांगतात. गोवंशाच्या एखाद्या साथीला याहून सोयीचा मार्ग सापडणे कठीण.

२०२२ साली नेमकी अशीच साथ आली. लम्पी त्वचा रोगाचा त्या वर्षीचा प्रादुर्भाव महाराष्ट्रात ऑगस्टमध्ये प्रथम जळगाव जिल्ह्यात आढळला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. अंगावर गाठी, ताप, सुजलेले पाय, आटलेले दूध आणि काही जनावरांच्या बाबतीत मृत्यू. माशा, डास, गोचिड यांच्यामार्फत पसरणारा हा रोग माणसाला होत नाही. पण माणसाचा संसार मोडण्याचे सामर्थ्य त्यात आहे. शासनाने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. जनावरांचे बाजार, शर्यती, वाहतूक यांवर बंधने आली. मृत गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये असे साहाय्य ठरले. बाजारात चांगल्या बैलजोडीला पडणारी किंमत ज्याला ठाऊक आहे, त्याला या साहाय्याची मर्यादाही ठाऊक आहे. देशभरात त्या वर्षी एक लाखाहून अधिक जनावरे दगावली.

अशा प्रसंगी अफवांचे पीक जोमाने येते. दूध विषारी झाल्याची आवई उठली. नामिबियातून आणलेल्या चित्त्यांबरोबर हा रोग आला, असे राज्यातील एका वरिष्ठ राजकीय नेत्याने जाहीरपणे सांगून टाकले. वास्तविक चित्ते आले १७ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि हा रोग भारतात, ओडिशात, आढळला होता २०१९ साली. येथे दिनदर्शिका चाळली तरी खुलासा होतो. परंतु त्यापुढचा प्रश्न दिनदर्शिकेने सुटणारा नाही. हा विषाणू आला कोठून? २०१९ चा आणि २०२२ चा विषाणू एकच की वेगळा? कोणती लस त्यावर चालेल? या प्रश्नांची उत्तरे विषाणूच्या वंशावळीत असतात, आणि ती वंशावळ वाचण्याचे साधन आज कोणाही महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाताशी विनामूल्य आहे. या साधनाकडे मराठवाड्याने अधिक गांभीर्याने पाहण्याची वेळ आली आहे.

नकलांतील चुका आणि मूळ पोथी

वंशावळ वाचण्याची ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, पैठणच्या संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठभेद तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत हस्तलिखितांच्या नकलांवर नकला होत गेल्या होत्या आणि प्रत्येक नकलेत काही चुका शिरल्या होत्या. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य हाती घेतले. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी त्या कार्याला शास्त्रशुद्ध शिस्त लावली आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहण्यात आली. या कार्यामागील तत्त्व सोपे आहे. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली, तर बहुधा ती चूक दोघींनी एकाच जुन्या पोथीतून उचललेली असते. अशा सामाईक चुकांवरून कोणती पोथी कोणत्या पोथीची लेक आणि कोणत्या दोघी बहिणी, हे ठरवता येते.

सजीवांची पोथी चार अक्षरांत लिहिलेली असते. ए, टी, जी आणि सी या चार रसायनांच्या क्रमात गाईचा, अळीचा वा विषाणूचा सारा आराखडा सामावलेला असतो. लम्पीच्या विषाणूची पोथी सुमारे दीड लाख अक्षरांची आहे. विषाणू स्वतःच्या नकला काढतो तेव्हा क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या नकलांत उतरते. वेगवेगळ्या गावांतील, वेगवेगळ्या वर्षांतील विषाणूंच्या पोथ्या समोरासमोर मांडल्या आणि सामाईक बदल हेरले, की त्यांचा वंशवृक्ष उभा राहतो. ‘उत्क्रांती’ हा शब्द उच्चारताच घरोघरी माकडापासून माणूस झाला की नाही या वादाला तोंड फुटते. पण उत्क्रांती ही केवळ लक्षावधी वर्षांपूर्वीची कथा नव्हे. ती गोठ्यातील जनावराच्या अंगावर एका हंगामातही घडत असते आणि तिचा हिशेब ठेवणे हा पशुपालकाच्या हिताचा व्यवहार आहे.

पोथ्या बाराशे असल्या तर पंडितांची एक पिढी पुरते. पण प्रत्येकी हजारो अक्षरांच्या शेकडो पोथ्या ताडून पाहायच्या, त्यांतील संभाव्य असंख्य वंशवृक्षांमधून सर्वांत सुसंगत वृक्ष निवडायचा, हे मानवी हाताचे काम नाही. अवघ्या दहा विषाणूंसाठीही वीस लाखांहून अधिक निरनिराळे वंशवृक्ष संभवतात. म्हणून संगणक लागतो.

पिलानीचा विद्यार्थी आणि जपानी गुरू

या क्षेत्रात जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संगणक प्रणालींपैकी एकीचे नाव आहे ‘मेगा’. तिच्या निर्मितीची कथा भारतीय वाचकाने आवर्जून जाणून घ्यावी अशी आहे. पिलानीच्या बिर्ला तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी आणि जीवशास्त्र या दोन्ही शाखांचे शिक्षण घेतलेले सुधीर कुमार अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात मासातोशी नेई या जपानी जनुकशास्त्रज्ञाकडे संशोधनासाठी गेले. नेई हे या शास्त्रातील अधिकारी पुरुष. वंशवृक्ष जलद रचण्याची जी पद्धत त्यांनी नारुया साइतो यांच्यासह १९८७ साली मांडली, ती आजही जगातील प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. त्या काळी अशा गणितासाठी निरनिराळे कार्यक्रम होते; प्रत्येकाची आज्ञा देण्याची रीत निराळी, माहिती मांडण्याची तऱ्हा निराळी. जीवशास्त्राचा अभ्यासक संगणकाच्या आज्ञावलीतच अडकून पडे. सुधीर कुमार, कोइचिरो तामुरा आणि नेई या तिघांनी साध्या वैयक्तिक संगणकावर चालणारी, पडद्यावरील यादीतून निवड करून वापरता येणारी प्रणाली १९९३ साली तयार केली. तीच ‘मेगा’.

पुढील तीस वर्षांत तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. २००१ साली ती विंडोज प्रणालीवर आली, २००४ च्या आवृत्तीत अक्षरक्रम एकमेकांखाली नेमके जुळवून मांडण्याची सोय आली, २०१८ च्या आवृत्तीपासून लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवरही ती सहज चालू लागली. संशोधन व शिक्षण यांसाठी ती विनामूल्य आहे. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाने २०१४ साली जगातील सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या शंभर शोधनिबंधांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा नेई-साइतो यांची पद्धत आणि ‘मेगा’ची २००७ ची आवृत्ती या दोन्हींचे निबंध त्या यादीत होते. नेई २०२३ साली निवर्तले. सुधीर कुमार पुढे फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठात प्राध्यापक झाले.

विद्या दिल्याने वाढते, ही आपल्याकडील जुनी धारणा. कोट्यवधी डॉलरना विकता आले असते असे साधन जगासमोर मोकळे ठेवणाऱ्या या गुरुशिष्यांनी ती धारणा आचरणात आणली, असे म्हणता येईल. मात्र या कथेत अभिमानाबरोबर एक टोचणीही आहे. साधन घडवण्यात भारतीय बुद्धीचा सिंहाचा वाटा असताना, त्या साधनाने आपल्याच गोठ्यातील व शेतातील नोंदी वाचण्याचे काम आपण किती केले?

शेळीची लस गाईला कशी चालली?

वंशवृक्ष शेतकऱ्याच्या काय कामाचा, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तर २०२२ च्या साथीतच आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात गाईबैलांना जी लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली, ती मुळात शेळ्यांच्या देवीची लस होती. अनेक पशुपालकांना त्याचा अचंबा वाटला, काहींना संशयही आला. शेळीचे औषध गाईला कसे चालणार? त्याचे उत्तर वंशावळीत आहे. लम्पीचा विषाणू, मेंढ्यांच्या देवीचा विषाणू आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू हे तिघे सख्खे भाऊ आहेत. त्यांचे अक्षरक्रम सुमारे ९७ टक्के जुळतात. एका भावाला ओळखण्यास शिकलेले शरीर दुसऱ्यालाही बहुतांशी ओळखते. स्वतंत्र लस हाती नसताना लाखो जनावरांना जे संरक्षण मिळाले, त्याचा आधार हे नातेच होते.

दरम्यान भारतीय शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नव्हते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने बरेलीजवळील इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने, रांचीच्या २०१९ मधील विषाणूपासून स्वदेशी लस विकसित केली. १० ऑगस्ट २०२२ रोजी ती जाहीर झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपुरात झालेल्या करारान्वये तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेकडे सोपवण्यात आले. ओडिशातील पहिल्या साथीतील विषाणू तपासले गेले तेव्हा त्यांचे नाते केनियातील जुन्या विषाणूशी जवळचे निघाले. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी महाराष्ट्रासह काही राज्यांतील २०२२ चे नमुने वाचले आणि त्यांचा निबंध २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्या साथीत एक नव्हे, दोन वंशांचे विषाणू फिरत होते, असे त्यात दिसून आले. एका वंशाचे नाते २०१९-२० मधील रांची व हैदराबाद येथील विषाणूंशी, तर दुसऱ्याचे २०१५ मधील रशियातील विषाणूंशी. शत्रू एका वाटेने आला की दोन, हे कळल्याशिवाय वेशीवर पहारा कोठे बसवावा हे ठरत नाही.

हीच गोष्ट पिकांची. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन विषारी प्रथिनांचे वाण आले. आणि तरीही २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कापसाची दाणादाण उडवली. अळीच्या जनुकांत बदल होत गेले आणि विषाची धार बोथट झाली. २०१८ साली अमेरिकी खंडातील लष्करी अळी कर्नाटकात मक्यावर प्रथम आढळली आणि लवकरच महाराष्ट्रात तिने उसालाही तोंड लावल्याची नोंद झाली. दिसायला सारख्या अशा अळ्यांतील नवखी कोणती, हे पक्के करण्यासाठी तिच्या एका छोट्या जनुकाची अक्षरे वाचून ज्ञात अळ्यांच्या अक्षरांशी ताडली जातात. उसावर आणि कापसावर जगणाऱ्या तेलगाव परिसराला हा विषय दूरचा कसा म्हणता येईल?

सुलभता आणि विवेक

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणाची अशी समजूत होईल की प्रणाली उतरवून घेतली, चार कळा दाबल्या आणि शास्त्र हाती आले. या समजुतीतच मोठा धोका आहे. मुद्रणालय आले म्हणून प्रत्येक जण पंडित झाला नाही. ‘मेगा’ला कोणतीही अक्षरे दिली तरी ती वृक्ष काढून देईल, दिलेली अक्षरे चुकीची असतील तर वृक्षही तितक्याच सुबकपणे चुकीचा निघेल. पडद्यावरील रेषांची सफाई ही सत्याची ग्वाही नव्हे.

या दृष्टीने लम्पीचेच एक उदाहरण बोलके आहे. २०१७ साली रशियात या विषाणूचा असा प्रकार सापडला की ज्याच्या पोथीची काही पाने नैसर्गिक विषाणूची आणि काही पाने लसीतील विषाणूची होती. दोन पोथ्यांची सरमिसळ होऊन तिसरीच तयार झाली होती. पुढे २०१९ पासून चीनमध्ये आणि आग्नेय आशियात अशाच मिश्र विषाणूंनी हाहाकार केला. अशा विषाणूचे एकच जनुक तपासणारा अभ्यासक ठामपणे सांगेल की हा नैसर्गिक विषाणू. दुसरे जनुक तपासणारा तितक्याच ठामपणे सांगेल की हा लसीतला. दोघांचे वृक्ष देखणे, दोघांचा निष्कर्ष अर्धवट. संपूर्ण पोथी वाचल्याशिवाय सत्य हाती लागत नाही. एका पानावरून ग्रंथाचा निवाडा करू नये, हा धडा केवळ जीवशास्त्रापुरता नाही.

प्रणालीच्या कर्त्यांना या धोक्याची जाणीव होती, हे नमूद करावयास हवे. वृक्षाची प्रत्येक फांदी कितपत भरवशाची, हे पाहण्यासाठी अक्षरांच्या रकान्यांतून पुन्हा पुन्हा नव्याने निवड करून शेकडो वेळा वृक्ष रचला जातो आणि ती फांदी शंभरांतून किती वेळा परत आली, तो आकडा सांध्यावर लिहिला जातो. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसाच हा प्रकार. २००७ च्या आवृत्तीत तर अशी सोय आली की अभ्यासकाने कोणती पद्धत निवडली, तीमागील गृहीतके कोणती, याचे निवेदन प्रणालीच साध्या वाक्यांत लिहून देते. कळ दाबणाऱ्याला आपण काय केले ते कळावे, हा त्यामागील हेतू. साधन सुलभ करताना ते उथळ होऊ न देण्याची ही दृष्टी अनुकरणीय आहे. पण सांध्यावरील आकडा वाचायचा की केवळ चित्र प्रबंधात चिकटवायचे, हा निर्णय प्रणाली घेत नाही. तो शिक्षकाच्या शिकवणीवर आणि विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो.

गोवंशाची स्वतःची वंशावळ

रोगाच्या वंशावळीकडून गाईच्या वंशावळीकडे वळले की हाच विवेक अधिक कसोटीला लागतो. वशिंड असलेली भारतीय गाय आणि वशिंड नसलेली युरोपीय गाय या एकाच पाळीव कळपाच्या दोन शाखा, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९४ साली आयर्लंडमधील डब्लिन येथील शास्त्रज्ञांनी आईकडून अपत्याकडे जाणाऱ्या जनुकीय अक्षरांची तुलना केली, तेव्हा दोन्हींचे मार्ग दोन लाख वर्षांहूनही आधी वेगळे झाल्याचे दिसले. माणसाने पशुपालन सुरू केले ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. याचा सरळ अर्थ असा की भारतीय गोवंश युरोपीय गाईपासून निर्माण झालेला नाही. त्याला माणसाळवण्याचे कार्य स्वतंत्रपणे झाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासाने त्याचे स्थान भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात, सिंधू खोऱ्याच्या परिसरात दाखवले. आज पाकिस्तानात असलेल्या मेहरगढ येथील उत्खननातील हाडेही त्याच दिशेने बोट दाखवतात.

हा निष्कर्ष भारतीय मनाला सुखावणारा आहे. तथापि तो सुखावतो म्हणून खरा नव्हे, तर पुराव्याने सिद्ध झाला म्हणून खरा आहे, हे भान सुटता कामा नये. गोमातेविषयीची श्रद्धा प्रयोगशाळेच्या दाखल्यावर अवलंबून नाही आणि वंशावळीचा प्रश्न श्रद्धेने सुटत नाही. आज भ्रमणध्वनीवरून देशी गाईविषयी जे नाना दावे ‘वैज्ञानिक’ या शिक्क्यानिशी फिरतात, त्यांतील प्रत्येकाला हीच कसोटी लावली पाहिजे. सत्याच्या कसोटीस न उतरणारा दावा गाईचा गौरव वाढवत नाही. तो तिच्या खऱ्या गुणांविषयीही संशय निर्माण करतो.

आणि खरे गुण पुष्कळ आहेत. नांदेड, लातूर, परभणी, बीड या पट्ट्यात आढळणारी लाल कंधारी आणि लातूर परिसरातील देवणी या मराठवाड्याच्या मान्यताप्राप्त जाती. कमी चाऱ्यावर, कडक उन्हात तग धरणारी, शेतकामाला दणकट अशी त्यांची ख्याती. सरसकट संकरीकरणाच्या लाटेत शुद्ध वळू दुर्मीळ होत गेले, तर ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव कोणत्याही पैशाने परत मिळणार नाही. वळू खरोखर लाल कंधारी वंशाचा आहे की केवळ रंगाने लाल आहे, हे सांगण्यासाठीही अखेर अक्षरेच वाचावी लागतात. जतन करावयाचे तर काय जतन करतो आहोत हे आधी कळले पाहिजे.

नोंद आपली, वाचन आपले

मग करावयाचे काय? सर्वांनी प्रयोगशाळा काढाव्यात, असे कोणी म्हणणार नाही. त्याची आवश्यकताही नाही. परभणी आणि उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, अंबाजोगाईला दीनदयाल शोध संस्थानाचे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि तालुक्यातालुक्यांत विज्ञान महाविद्यालये आहेत. प्रश्न साखळी जोडण्याचा आहे.

या साखळीची पहिली कडी म्हणजे नमुना. साथीच्या काळात पशुवैद्यकाने घेतलेल्या नमुन्यावर गाव, दिनांक, जनावराची जात, वय, लसीकरण झाले की नाही, याची काटेकोर नोंद असावी. नोंदीविना अक्षरे म्हणजे नाव-गाव नसलेले पत्र. हे काम प्रशिक्षित पशुवैद्यकाचेच. उत्साही विद्यार्थ्यांनी रोगी जनावरांच्या खपल्या गोळा करीत हिंडणे धोक्याचे आणि अनुचित आहे. दुसरी कडी म्हणजे सुसज्ज प्रयोगशाळेत अक्षरांचे वाचन. तिसरी, ती अक्षरे सर्वांना उपलब्ध होतील अशा भांडारात जमा करणे. अमेरिका, युरोप व जपान येथील भांडारे दीर्घकाळ ही सेवा देत आहेत. आता फरिदाबाद येथे भारताचे स्वतःचे राष्ट्रीय जैविक माहितीभांडार नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले आहे. आपल्या गोवंशाची, आपल्या किडींची पोथी आपल्या देशात सुरक्षित राहावी, ही व्यवस्था झाली आहे. भांडार भरावयाचे काम मात्र जिल्ह्यांनाच करावे लागेल.

चौथी कडी विद्यार्थ्यांची, आणि ती सर्वांत स्वस्त आहे. भांडारातील अक्षरे विनामूल्य, प्रणाली विनामूल्य, संगणक बहुतेक महाविद्यालयांत आहेत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी परदेशातील कोणत्या तरी फुलपाखराचा वृक्ष काढण्याऐवजी लम्पीच्या भारतीय विषाणूंचा किंवा गुलाबी बोंडअळीचा वृक्ष काढावा, सांध्यावरील आकडे वाचावेत, एका जनुकाचा निष्कर्ष दुसऱ्या जनुकाने पडताळावा. त्यासाठी मराठीत लिहिलेली मार्गदर्शिका हवी. शास्त्र मातृभाषेत उतरले की ते निवडक अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर पडते. ज्ञानदेवांनी आणि एकनाथांनी गोदाकाठी जे अध्यात्माच्या बाबतीत केले, ते विज्ञानाच्या बाबतीत करणारे प्राध्यापक आज हवे आहेत.

पाचवी कडी साखर कारखान्यांची. हंगामात कोणता गाडीवान कोणत्या गावाहून किती बैल घेऊन आला, याची नोंदवही कारखाने सहज ठेवू शकतात. त्या नोंदवहीत लसीकरणाचा एक रकाना वाढवला आणि तळावर आजारी जनावर दिसताच पशुवैद्यकाला कळवण्याची शिस्त लावली, तर साथ पांगण्यापूर्वी पकडता येईल. तेलगावसारख्या चौरस्त्यावरील कारखान्याने हा पायंडा पाडला, तर त्याचे अनुकरण इतरत्र होण्यास वेळ लागणार नाही. बैलांच्या घामावर साखर तयार होते. बैलांच्या आरोग्यावर त्यातील अल्पसा वाटा खर्च होणे हा उपकार नव्हे, ते ऋण फेडणे आहे.

स्वदेशी म्हणजे बाहेरच्या साधनाला दार बंद करणे, असा संकुचित अर्थ कोणी काढू नये. साधन कोठेही घडले असो, त्याचा उपयोग कोणाच्या प्रश्नासाठी होतो आणि त्यातून निघालेल्या निष्कर्षाचा अर्थ कोण लावतो, यावर स्वावलंबन ठरते. नोंद दुसऱ्याची, वाचन दुसऱ्याचे आणि जनावर मात्र आपले, ही स्थिती परावलंबनाची आहे. २०२२ च्या साथीत शेळीची लस कामी आली, कारण कोणी तरी, कधी तरी त्या विषाणूंची नाती तपासून ठेवली होती. पुढची साथ येईल तेव्हा तिच्या वंशावळीत बीड जिल्ह्याच्या गोठ्यातील नोंद असेल की नसेल, हे साथ येण्यापूर्वीच ठरणार आहे. बैलजोडीच्या भरवशावर उचल घेऊन निघालेल्या गाडीवानाला वंशवृक्ष वाचता येण्याची गरज नाही. त्याच्या वतीने तो वाचणारा, आणि नीट वाचणारा, कोणी तरी जिल्ह्यात असणे मात्र त्याचा हक्क आहे.